माठाला घास

माळवदावर पांढरी माती पसरण्याचं काम द्वारकाबाईनं गड्यांवर सोडलं नाही. गडी माती टाकतात आणि विडी ओढायला खाली उतरतात, तुडवत नाहीत, असं तिचं ठाम मत होतं. माती नीट तुडवली नाही तर आषाढात छत गळतं, आणि गळकं पाणी नेमकं भाडेकऱ्याच्या ताटात पडतं. भाडेकरू अजून आला नव्हता, त्याचं ताटही आलं नव्हतं. पण द्वारकाबाईला ते भिजताना लख्ख दिसत होतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण तिला सासरच्या लोकांनी इतक्या वेळा ऐकवली होती की आता तीच स्वतःहून म्हणायची आणि पुन्हा माती तुडवायला लागायची.

खाली अंगणात तिचा नवरा पुंजाराम भिंत उंच करत होता. घराचा मागचा निम्मा भाग भाड्यानं द्यायचा होता: दोन खोल्या, चुलीची जागा, आणि मागच्या गल्लीत उघडणारी पडवी. देवगावच्या सरकारी शाळेवर नेमून आलेले मुदर्रिस, म्हणजे मास्तर, मोहियोद्दीनसाहेब हे घर घेणार होते. त्यांच्या वहिदाबीबी औरंगाबादच्या औरंगपुऱ्यातल्या, गोषात राहणाऱ्या. म्हणून दोन्ही भागांमध्ये भिंत हवी होती, आणि ती पुरुषभर उंचीची असून भागणार नव्हतं. पुंजाराम मूळचाच काळजीवाहू माणूस. त्यानं ती दोन पुरुष उंच केली. मागचं दारही रुंद करून घेतलं, कारण बीबींच्या माहेरचं कपाट मोठं आहे असं कळलं होतं.

ही सगळी जुळवाजुळव रामकिसनची. पुंजारामचा हा धाकटा भाऊ लासूर स्टेशनला आडतीवर कामाला होता आणि बायकोला, साळूबाईला घेऊन आठवडाभर गावी येऊन राहिला होता. येत्या जुम्म्याला मुदर्रिससाहेब बीबींना घेऊन घर बघायला येणार होते. नाही पसंत पडलं तर बद्रीनाथ दुकानदाराची माडी त्यांच्यासाठी झाडून तयारच होती.

सगळं जमलं होतं. राहिला होता तो पडवीतला माठ.

मंगळवारी दुपारी जेवताना रामकिसननं विषय काढलाच.

"दादा, पडवी रिकामी पायजे. मी साहेबांना शब्द दिलाय."

"पडवी कुनाची अन् शब्द कुनाचा," साळूबाई भाकरीकडं बघत म्हणाली.

"तू गप गं. वैनी, तुमी सांगा. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला माठ, त्याचा तो वास. औरंगाबादेतली बाई नाकाला पदर लावून परत जाईल."

द्वारकाबाईनं पिठल्याची वाटी सरकवली. "वास तर येतो बाई," ती म्हणाली. तिनं ते हळूच म्हटलं, कारण चुलीपाशी भागूबाई बसली होती.

भागूबाई म्हणजे पुंजाराम-रामकिसनची आत्या. लग्न होऊन वर्षाच्या आत ती विधवा होऊन परत आली, आणि तेव्हापासून निळीचा माठ तिच्याकडं होता. एके काळी या घरात असे सात माठ होते. पुडीतले रंग बाजारात आले तसे ते एकेक करून बुजले. शेवटचा हा एक भागूबाईनं जिवंत ठेवला होता. कधीमधी वंजाऱ्यांच्या बाया लुगडी बुडवायला आणत, बाकी काम काही नव्हतं. पण तिचे हात कोपरापर्यंत निळे ते निळेच होते.

पुंजारामनं पाणी प्यायलं. "आत्या, तुझं काय म्हननं?"

"बुजवा," भागूबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघत राहिले. रामकिसननं लासूरहून येताना बैलगाडीत बसून तिच्यासाठी तीन तऱ्हेची उत्तरं तयार केली होती. ती तशीच त्याच्या पोटात राहिली.

"घर तुमचं, पोरं तुमची, पोट तुमचं," ती म्हणाली. "मी काय माठ घेऊन वर जानार हाय? एकच करते. साळूला एक लुगडं बुडवून देते. या घरातल्या सगळ्या बायांकडं घरचा निळा हाय, तिच्याकडंच नाय. उद्या बुडवते. परवा घाला माती."

"मला पायजेच होतं आत्याबाई," साळूबाई पटकन म्हणाली, आणि नवऱ्याच्या नजरेला नजर देऊन पुढं म्हणाली, "आता बुजवतातच आहेत तर, म्हनून म्हनलं."

म्हणजे ठरलं. भांडण झालं नाही. भांडणाची तयारी करून बसलेल्या घरात भांडण झालं नाही की सगळ्यांना चुकल्यासारखं होतं, तसं त्या दिवशी झालं. जो तो उठून आपल्या कामाला लागला आणि कुणीच कुणाशी धड बोललं नाही.

दिवस कलताना द्वारकाबाई चुन्याची बादली घेऊन मागच्या खोलीतून निघाली. पडवीत कुणी नव्हतं. ती थांबली. रंगाऱ्याच्या घरात माठाला रोज चुन्याचा घास असतो, लेकराला भरवावा तसा. पोरं त्यासाठी पाळी लावून भांडतात. द्वारकाबाई या घरात नवरी होऊन आली तेव्हा सासूनं गृहप्रवेश झाल्या झाल्या तिच्या हातावर चुना ठेवला होता आणि म्हटलं होतं, आधी त्याला भरव, मग तू जेव. तिनं झाकण सरकवलं, बादलीतला मूठभर चुना आत सोडला आणि म्हणाली, "जेव बाबा." मग डोळे पुसले, झाकण लावलं आणि बाहेर येऊन एका गड्याला विनाकारण रागावली.

बुधवारी सकाळी भागूबाईनं झाकण काढलं.

वर निळा फेस नव्हता. रोज तांब्यासारखी चमकणारी साय धरायची, ती नव्हती. तिनं चिंधीचं टोक बुडवून बाहेर काढलं. चांगल्या माठातून कापड पिवळट हिरवं निघतं आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होतं. ही चिंधी मळकट निघाली आणि मळकटच राहिली. तिनं फुंकर मारून पाहिली, उन्हात धरून पाहिली.

"पुंजा! अरे पुंजा! माठ बिघडला रे!"

सगळे धावत आले. रामकिसननं आत डोकावलं. "जाऊ दे आत्या. उद्या बुजवायचाच होता न्हवं?"

"दुखन्यात पडलेल्याला कुनी पुरतं का रे राम्या?" भागूबाई कडाडली. तिचा हा आवाज घरात कित्येक वर्षांत कुणी ऐकला नव्हता. "आधी मी त्याला उठवीन. साळूचं लुगडं निळं करीन. मगच पुरा. तवर या पडवीत कुनी मातीची पाटी घेऊन आलं तर मी माठात पाय सोडून बसंन."

"पन जुम्म्याला साहेब येनार!"

"येऊ दे. मी काय चावनार हाय त्यांना?"

तिनं बोट बुडवून जिभेला लावलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि एकेकाकडं बघितलं. "चुना झालाय. लई चुना झालाय. काल मी तर घातलाच नाय. कुनी घातला?"

पुंजाराम आढ्याकडं बघू लागला.

"मी घातला बाई," द्वारकाबाई शेवटी म्हणाली. "एक मूठ. म्हनलं, शेवटचा घास."

"जाऊबाई, तुमी बी?" साळूबाईच्या तोंडून निघून गेलं, आणि मग तिनं जीभ चावली.

"तू बी?" द्वारकाबाई तिच्याकडं वळली.

"मला काय ठावं तुमी घातलाय! लुगड्याला चांगला रंग यावा म्हनून..." ती थांबली. "नाय. खरं सांगू का, मला वाईट वाटलं."

पुंजारामनं खाकरून घसा साफ केला. हा माणूस कधी खोटं बोलला नव्हता आणि आता बोलायची त्याची तयारीही नव्हती. "मी बी घातला," तो म्हणाला. "भिंतीचं काम झाल्यावर."

आता सगळे रामकिसनकडं बघत होते. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, आणि माठ बुजवा म्हणून सर्वांत मोठ्यानं तोच बोलला होता.

"माझ्याकडं काय बघता?" तो म्हणाला. मग चिडून म्हणाला, "दोन मुठी घातल्या! लहानपनी माझी पाळी नेहमी दादा घ्यायचा. म्हनलं, बुजायच्या आधी वसूल करावी."

भागूबाईनं कपाळाला हात लावला. "अगं माय! चौघांनी मिळून जेवू घालू घालू मारला की रे त्याला!"

आणि ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. इतके दिवस तिला वाटत होतं की हा माठ आता आपल्या एकटीचा राहिला, बाकीच्यांना ती अडगळ झाली. काल "बुजवा" म्हणताना तिला माठापेक्षा त्याच गोष्टीचं जास्त दुःख झालं होतं. आता हे चार गुन्हेगार मान खाली घालून समोर उभे होते, आणि तिला फार बरं वाटत होतं.

"गूळ आना," ती म्हणाली. "तरोट्याच्या बिया उकळायला ठिवा. मूठभर कोंडा, चिंचेचं पानी. भवती गरम राख पसरा. अन् थाप मारायला पायजे."

ही रंगाऱ्यांची रीत. माठ बिघडला की घरातल्या माणसानं गावात एक जंगी थाप सोडायची. थापेनं कुणाचं नुकसान होता कामा नये आणि सांगताना हसायचं नाही. ती गावभर फिरून परत आपल्याच उंबऱ्याशी आली की माठ उठतो. गूळ आणि थाप ही दोन्ही औषधं नेहमी बरोबरच दिली जात, त्यामुळं गुण कशानं येतो ते आजवर कुणी तपासलेलं नाही.

"मी मारतो," रामकिसन म्हणाला. "आडतीवर आमाला सवय असते."

"तुझ्यावर कोन इस्वास ठेवंल? पुंजा मारंल."

पुंजारामचा चेहरा उतरला. "आत्या, मला जमायचं नाय."

"म्हनूनच जमंल. तू बोलला तर देवगावात कुनी शंका घेत नाय."

दुपारभर घरात थाप शोधणं चाललं होतं. देवगावला रेल्वे येणार, ही रामकिसनची सूचना. त्यावर लोक जमिनीचे भाव वाढवतील म्हणून भागूबाईनं ती फेटाळली. विहिरीला दूध लागलं, ही साळूबाईची. ती लगेच बघता येण्यासारखी होती. शेवटी द्वारकाबाईला सुचलं. चावडीपुढं लिंबाखाली पुंजाराम जाऊन बसला, आणि भिंत एवढी उंच कशाला, असं कुणीतरी रोजच्यासारखं विचारताच जमिनीकडं बघत म्हणाला, "अव्वल तालुकदारसाहेबांचा हत्ती आजारी हाय. हवापालटाला आमच्या पडवीत ठेवनार हायेत. जुम्म्याला येईल."

जिल्ह्याच्या मालकाचा हत्ती! गावानं हूं की चूं केलं नाही. म्हणूनच भिंत! म्हणूनच दार रुंद! जे कोडं आठवडाभर सुटत नव्हतं ते एका वाक्यात सुटलं. पुंजाराम घरी आला आणि घोंगडी पांघरून पडून राहिला.

दिवेलागणीच्या आधीच शेजारची दगडाबाई उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. "द्वारके, एक मागनं हाय गं. हत्तीचं शेन मला ठिव. एका पोवाला आठ दिवस चूल पेटंल म्हनतात."

"ठिवीन हं मावशी," द्वारकाबाई गंभीरपणे म्हणाली, आणि आत येऊन पदर तोंडात कोंबून हसत सुटली. थाप उंबऱ्याशी परत आली होती.

जुम्म्याच्या दिवशी रामकिसन गाडी घेऊन लासूर स्टेशनला गेला आणि मुदर्रिससाहेबांना घेऊन परतला, तेव्हा त्याला वेशीपासूनच घाम फुटला. दुतर्फा माणसं उभी होती. पोरांच्या हातात ऊस होते. पोलीस पाटील फेटा बांधून आले होते. थाप उंबऱ्याशी परत आली की संपली, असं घरातल्या सगळ्यांनी धरलं होतं. ती संपलीय हे गावाला कळवायला मात्र सगळेच विसरले होते.

गाडीला चहूबाजूंनी पडदा लावला होता. पुढं मोहियोद्दीनसाहेब छत्री घेऊन बसले होते. किडकिडीत माणूस, दाढी नीट कातरलेली.

"हे लोक कशासाठी जमलेत?" त्यांनी विचारलं.

"काही नाय साहेब. सनबिन असंल."

तेवढ्यात एक म्हातारा पुढं आला आणि पडद्याकडं बघत त्यानं मोठ्यानं विचारलं, "रामकिसन, हत्ती मागून पायी येनार का रं? पुंजाराम म्हनला, तुमच्या पडवीत उतरनार."

साहेबांनी छत्री मिटली. "कोणाचा हत्ती?"

"अव्वल तालुकदारसाहेबांचा," पाटील आदबीनं म्हणाले.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. ते सरकारी नोकर होते, आणि ज्या घरावर जिल्ह्याच्या मालकाच्या हत्तीचा हक्क पोचला होता त्याच घरात बिऱ्हाड थाटायला निघाले होते. "गाडी वळवा," ते म्हणाले. "भाऊ, तुम्ही आम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं. माझी नोकरी जाईल. दुकानदारांची माडी बघतो."

गर्दीत उभ्या बद्रीनाथनं दोन पावलं पुढं टाकली. रामकिसननं कासरा आवळून धरला. खरं सांगावं तर सगळ्या गावासमोर दादा खोटा ठरतो. न सांगावं तर भाडेकरू जातो. आठवडाभराची माती, चुना, भिंत, सगळं त्याच्या डोळ्यांपुढं बद्रीनाथच्या घशात चाललं होतं.

तेवढ्यात पडद्याआडून हसू ऐकू आलं. आधी दाबलेलं, मग न दाबता येणारं.

"अजी, रुको," वहिदाबीबी आतून म्हणाल्या. "भाऊ, एक सांगा. तुमच्या घरात निळीचा माठ आहे का?"

"हाय," रामकिसन चाचरत म्हणाला.

"बिघडला होता?"

"व्हय बीबी."

"हौ! मग गाडी घरीच घ्या," बीबी म्हणाल्या, आणि नवऱ्याला त्यांनी दखनीत हळूच काहीतरी सांगितलं. मुदर्रिससाहेबांनी गर्दीवरून एक नजर फिरवली आणि पुन्हा छत्री उघडून बसले. त्यांच्या मिशीचं टोक हलत होतं. "पाटीलसाहेब," ते म्हणाले, "हत्तीची तब्येत सुधारली. आता तो येणार नाही." गावानं तेही खरं मानलं, कारण मास्तर सांगत होते. पोरांनी ऊस तिथंच सोलून खायला घेतले.

पडवीत बुरखा वर करून वहिदाबीबी थेट माठापाशी बसल्या. कपाट कुठं मावेल हे त्यांनी विचारलं नाही. नवी चूल, चुन्यानं झळकणाऱ्या खोल्या, माळवद, यांतलं काहीच बघितलं नाही. द्वारकाबाईला त्याचा जरा रागच आला.

"माझे नाना, आईचे वडील, हिमरूच्या शाली विणणाऱ्यांचं सूत रंगवायचे," त्या म्हणाल्या. "एकदा माठ बिघडला तर नानांनी शहरात सांगितलं, मकबऱ्याचा एक मिनार रात्री पाणचक्कीवर पाणी प्यायला जातो. मिनार मोजायला माणसं निघाली, टांगे करून!" मग त्यांनी श्वास आत ओढला. "हाच वास. नाना गेले आणि घरातून हा वास गेला."

भागूबाई कोपऱ्यात उभी होती.

"आज बुजवनार हावोत हा," ती म्हणाली. "तुमाला जागा पायजे म्हनून. तेवढं एक लुगडं बुडवते."

"कोण म्हणतं जागा पाहिजे?"

"आमच्या रामकिसननं शब्द दिलाय."

वहिदाबीबी उठून दारावरच्या चिकाच्या पडद्यापाशी गेल्या. बाहेर दोघे भाऊ आणि मुदर्रिससाहेब उभे होते. "घर पसंद है जी," त्या म्हणाल्या. "लेकिन माठ के साथ. आणि रामकिसनभाऊ, तुम्ही दिवसभर लासूरला, हे दिवसभर शाळेत. मी या भिंतीआड रिकामी पडवी घेऊन काय करू? तुमच्या आत्यांनी, भागूफुफींनी रोज यायचं. घास त्या घालतील, एक दिवसाआड मी. चालेल ना फुफी?"

भागूबाईनं झाकण काढलं. तांब्यासारखी साय धरली होती, कडेला निळा फेस चढला होता. तिनं साळूबाईचं पांढरं लुगडं हळूहळू आत सोडलं आणि थोड्या वेळानं म्हणाली, "बाई, दुसरं टोक धरा. लुगडं नऊवारी हाय, एकटीला पेलायचं नाय आता." चौघी बायांनी मिळून ते बाहेर ओढलं.

भिंतीपलीकडं पुंजाराम एकटाच उभा होता. रामकिसन साहेबांना शाळा दाखवायला गेला होता. पुंजाराम खुशीत होता. आत्याचा माठ राहिला, भाडेकरूही राहिला. मग त्याच्या लक्षात आलं. पडवी आता गोषात गेली. बाया जातील येतील, पण त्याला आता आत पाऊल टाकता येणार नव्हतं. ज्या माठाला त्यानं बोलायला यायच्या आधी घास घातला होता तो हातभर अंतरावर होता आणि पुन्हा कधी दिसणार नव्हता. त्यानं भिंतीत फट शोधली. एकही नव्हती. काम त्यानं स्वतःच केलं होतं, आणि चोख केलं होतं.

"आत्या," त्यानं हाक मारली. "आला का गं निळा?"

आत कुजबुज झाली. कुणीतरी शिडी ओढली, त्यावर कुणीतरी चढलं. वरून दोन निळे हात दिसले, मग दोन गोरे, त्यांनाही निळं लागलेलं. ओल्या लुगड्याचा पदर भिंतीवरून अलीकडं पडला, हिरवट, आणि पुंजाराम बघत राहिला तोवर वारा लागून पुरता निळा झाला. त्याचे ओघळ कालच्या पांढऱ्याशुभ्र चुन्यावरून खाली धावले.

"अहो!" द्वारकाबाई भिंतीआडून ओरडली. "पुसा लवकर! चुना खराब व्हायलाय!"

पुंजारामनं उपरणं खांद्यावरून काढलं, भिंतीपर्यंत गेला आणि त्याच उपरण्यानं आपले डोळे पुसले.

"पुसलं," तो म्हणाला. त्याच्या आयुष्यातलं हे दुसरं खोटं होतं.